फ्रीजचा विसावा

"गयाबाई, हा बंद कुणी केला?" दसऱ्याची सुटी संपवून आलेल्या सिस्टर दवाखान्याच्या दारातूनच ओरडल्या.

लशींच्या फ्रीजवर झेंडूची माळ होती, हळदीकुंकवाची बोटं होती आणि वायर नीट गुंडाळून ठेवली होती.

झाडलोट करणाऱ्या गयाबाई कौतुकाने म्हणाल्या, "खंडेनवमीला पुजला. त्या दिवशी आपण विळ्या-कोयत्यालाही राबवत नाही. हा बिचारा वर्षभर घुरघुरतो, म्हटलं घेऊ दे दोन दिवस विसावा."

सिस्टरांनी झाकण उघडलं. बर्फाचं पाणी झालं होतं. "अहो, गारवा गेला की लस वाया जाते! शेजारच्या गावात गोवर आलाय. नवी लस यायला आठवडा लागेल. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"मला नुसतं पुसायला सांगितलं होतं," गयाबाई पुटपुटल्या.

बाहेर पोरं रडत होती. सुईच्या भीतीने घराला आतून कड्या लावणाऱ्या बायांना गयाबाईंनीच देवाची आण घालून आणलं होतं. सर्वांत पुढे त्यांची सून उभी होती, कडेवर नात.

"आत्याबाई, हिला आणू का आत?"

गयाबाईंनी दाराला आतून कडी लावली.