सातव्या प्रश्नाचं उत्तर

पद्माच्या पत्राला नऊ वर्षं झाली होती आणि वेणीमाधव लेल्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आज चार पानं लिहून झाली होती. सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग महिनाभर लिहिणं-वाचणं बंद, म्हणून आज.

"द्या, मी चिकटवते पाकीट," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातात राहिलं तर परत पुस्तकात जाऊन बसेल."

लेले सर निवृत्त होऊनही आता आठ वर्षं झाली होती. पद्मा त्यांच्या एम.एस्सी.च्या वर्गात होती. गंगेपलीकडच्या मुघलसरायच्या रेल्वे गार्डची मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची, सरांइतकीच कमी बोलायची. परीक्षेत सातव्या प्रश्नाला त्यांनी तिला शून्य दिलं. दहापैकी शून्य. चार गुणांनी तिचा फर्स्ट क्लास गेला. वर्षभरानं तिचं पत्र आलं. त्यात तक्रार नव्हती.

'सर, प्रश्नात कॉस्टिक सोड्याचं द्रावण पातळ होतं. मग रेणूची ठेवण पहिल्यासारखीच राहायला हवी. मी तसंच लिहिलं. माझी गलती कुठे झाली, तेवढं सांगा. तेव्हापासून मी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलेलं नाही. मला ह्यातलं काही कळतच नाही, असं वाटतं.'

पत्र सरांनी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. द्रावण पातळ असेल, तर मुलगी बरोबर होती.

"काय एवढं बरोबर होतं, ते मला आज तरी सांगा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं त्या पोरीपायी तोंड पाडून बसला आहात."

सरांनी खुंटीवरचा लोकरी हातमोजा काढला. "हा डाव्या हाताचा. आतला भाग बाहेर काढला, की?"

"उजव्या हातात बसेल."

"रेणूचंही तसंच. सोडा मागून येऊन धडकतो, पुढचा ब्रोमीन सुटून जातो, आणि सगळी ठेवण अशी उलटते. पण द्रावण पातळ असलं, की सोड्याचे कण विरळ. तो येईपर्यंत रेणूतलाच एक शेजारी मागून शिरतो आणि ब्रोमीनला घालवतो. एकदा उलटलं. मग सोडा येतो आणि त्या शेजाऱ्याला हुसकतो."

अन्नपूर्णाबाईंनी मोजा दोनदा उलटला. "हा तर होता तसा झाला."

"तिनं हेच लिहिलं होतं."

"आणि द्रावण दाट असतं तर?"

"तर सोडा वाट कशाला बघेल? सरळ धडकतो. एकदाच उलटतं."

"मग प्रश्नात काय होतं? दाट की पातळ?"

"पातळ. तिनं लिहिलंय की पत्रात."

"तिनं लिहिलंय. पण प्रश्न काढला कोणी?"

"मी."

"मग तुम्ही काय लिहिलं होतं?"

सरांनी माळ्याकडे पाहिलं. समोरचा माणूस ठामपणे बोलला, की आपलंच चुकलं असणार, असं त्यांना जन्मभर वाटत आलं होतं. चौकातल्या सब्जीवाल्यानं निबर भेंडी कोवळी म्हणून दिली, तरी ते ती पिशवीत घेत आणि घरी बोलणी खात. नऊ वर्षांत त्यांनी चूक कबूल करणारी कितीतरी पत्रं लिहून पुस्तकांत दडवली. प्रश्नपत्रिका मात्र एकदाही उघडून पाहिली नव्हती. सगळ्या वर्षांचे गठ्ठे माळ्यावर सुतळीनं बांधून ठेवलेले होते.

अन्नपूर्णाबाई स्टुलावर चढल्या. गठ्ठा उतरला, धूळ उडाली. सरांनी भिंग धरून सातवा प्रश्न वाचला. परत वाचला. मग कागद बायकोपुढे केला.

"कॉन्सन्ट्रेटेड," अन्नपूर्णाबाईंनी अक्षरं जुळवत वाचलं. "म्हणजे दाटच ना?"

"दाट."

"अहो, म्हणजे तुम्ही बरोबर होता! शून्यच द्यायला हवं होतं!" त्या हसत सुटल्या. "धन्य आहे तुमची. चला, सुटलात. आता चिठ्ठीबिठ्ठी काही नको." चार पानं त्यांनी फाडायला घेतलीसुद्धा.

सरांनाही क्षणभर हलकं वाटलं. मग वर्ग आठवला. पातळ द्रावणाचं उदाहरण त्यांनी दोन दिवस शिकवलं होतं, कधी नव्हे ते मोठ्या आवाजात, रंगून. परीक्षेत मात्र दाट द्रावण घातलं. पद्मानं वर्गातलं उदाहरण लिहिलं, आणि त्यातल्या आकृतीत एक बाण इकडचा तिकडे नव्हता.

"ऐकताय ना? तुमची काही चूक नव्हती."

"शून्य देण्यात नव्हती," सर म्हणाले, आणि त्यांनी कोरा कागद ओढला.

ह्या वेळी पाच मिनिटंही लागली नाहीत.

'पद्मा, प्रश्नात द्रावण दाट होतं. तू पातळ द्रावणाचं उत्तर लिहिलंस, म्हणून शून्य. पण ते उत्तर तू बिनचूक लिहिलंस. माझ्या वर्गात इतकं नीट ते कुणालाच समजलं नव्हतं. केमिस्ट्री तुला कळत होती. हे मला तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सांगता आलं असतं. क्षमा कर.'

पत्ता तिच्या वडिलांनी बांधलेल्या घराचा होता. ती तिथे नसली, तरी घरचे पोचवतील.

डाकखान्यात खिडकीवर प्रल्हाद होता. त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि हसला.

"मुगलसराय? मास्टरजी, ये तो गंगा पार है. साधारण डाक से भेज दीजिए, दो-तीन दिन में पहुँच जाएगी. बेकार में स्पीड पोस्ट क्यों?"

"नहीं," लेले सर म्हणाले. "स्पीड पोस्ट. बहुत अर्जेंट है."