मिनोरुची बहीण

"तुम्हाला फार बोलावं लागणार नाही, आजी. बोलतील ते माझे आजोबाच. तुम्ही फक्त ऐकायचं," एलियाने म्हणाली.

सुमिए आजीने चहाचा पेला खाली ठेवला. "खोटं न बोलताही बोलता येतं, पोरी. पण या वयात मला परक्याची बहीण व्हायला सांगणारी तूच पहिली."

तळमजल्यावर एकटी राहणारी ही जपानी म्हातारी हामामात्सुच्या त्या वसाहतीतल्या ब्राझीलकरांची कर्दनकाळ होती. कुणी चुकीच्या दिवशी कचरा ठेवला, की पिशवी उचलून त्याच्याच दारात नेऊन आपटायची. एरवी एलियाने तिच्या वाटेलाही गेली नसती. पण आता दुसरा इलाज उरला नव्हता.

एलियानेचे आजोबा नाताळाच्या तोंडावर साओ पावलोहून जपानला आले होते. हृदय पार थकलेलं. डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं, तरी हट्टाने आले. एकच धोशा : "मला तोयोला भेटायचंय. डोळे मिटायच्या आत. आईला शब्द दिलाय."

तोयो ही मिनोरुची, म्हणजे आजोबांची, थोरली बहीण. सत्तर वर्षांपूर्वी घरदार विकून कुटुंब ब्राझीलच्या जहाजावर चढायला बंदरात गेलं, तेव्हा तोयोचे डोळे आले होते. तपासणीत तिला अडवलं. तिला मामाच्या हवाली करून आईबाप आणि धाकटा मिनोरु पुढे गेले. वर्षभरात बोलावून घेऊ म्हणाले. ते वर्ष कधी उजाडलंच नाही.

एलियानेने कारखान्यातून सुटलं की निगाताकडच्या तोयोच्या गावी फोन लावायचा सपाटा चालवला. नाताळच्या आदल्या दिवशी उत्तर मिळालं. तोयो वारून कैक वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. मागे कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी घरात झाड उजळलं होतं, भाजलेल्या मांसाचा वास सुटला होता. आजोबांनी घासही उचलला नाही. थाळीकडे बघत म्हणाले, "लागला का तिचा पत्ता?"

त्यांचे ओठ निळसर झाले होते. एलियानेच्या तोंडून निघून गेलं, "लागला. नव्या वर्षाला येतेय ती."

हे ऐकल्यावर आजोबांनी काटा उचलला आणि ते जेवले.

वाल्दिरने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "बायको, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मेलेली बाई कुठून आणणार?"

"आणीन."

"कुठून?"

"तळमजल्यावरून."

"ती? आपल्याला पोलिसात द्यायचंच बाकी ठेवलंय जिनं?"

"तिच्याकडेही नव्या वर्षाला कुणी येत नाही," एलियाने म्हणाली.

सुमिए आजीने शेवटी होकार दिला, पण अटीवर. जे ठाऊक आहे ते सगळं आधी सांगायचं. एलियानेला ठाऊक होतं ते फारच थोडं. आजोबा लहानपणाबद्दल कधी बोलतच नसत. आईचं नाव, गाव, डोळ्यांचं दुखणं, बस.

नव्या वर्षाच्या दुपारी आजी आली. ठेवणीतला किमोनो, हातात मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांच्या, सूपचं पातेलं. एलियानेने मसुराची उसळ आणि दुधात भिजवून तळलेला गोड पाव केला होता. आजोबा सकाळपासून दाढी करून, कोट घालून बसले होते.

आजी दारात दिसताच ते उठले. कमरेत वाकले ते इतके, की वाल्दिर सावरायला धावला.

"तोयो-सान, तुम्ही बसा. मला आधी तुम्हाला एक सांगायचंय. सगळ्यात आधी. ऐकून तुम्ही मला..."

त्यांना धाप लागली. आजी पुढे झाली. तिने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एलियानेने शिकवलं नव्हतं ते बोलली.

"मिनोरु. अरे, किती वाट बघायला लावलीस. कपाळ बघ, थेट आईचं. गर्दीतसुद्धा ओळखलं असतं तुला."

आजोबांचं तोंड उघडं राहिलं. मग ते रडू लागले, लहान पोरासारखे, आवाज न करता. आजीही रडली. वाल्दिरने नाक शिंकरायचं निमित्त करून गॅलरी गाठली.

जेवताना आजी आईच्या हातच्या लोणच्याबद्दल बोलली, बर्फात हरवलेल्या चपलेबद्दल बोलली. ते बहुधा तिच्याच बालपणातलं असावं. आजोबा मान डोलवत राहिले. मधूनच काही बोलायला जात आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबत. थोरल्या बहिणीलाही ते शेवटपर्यंत 'तुम्ही'च म्हणत राहिले. एलियानेला वाटलं, सत्तर वर्षांचं अंतर एका जेवणात कुठून मिटायचं.

निघताना आजी तिच्या कानाशी लागली. "जमलं का गं?"

"तुमचे उपकार कुठे फेडू?" एलियाने म्हणाली.

दार लावून ती आत आली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला होता. आजोबा रजई पांघरलेल्या बैठ्या, उबदार टेबलापाशी बसले होते. समोरचं सूप गार झालं होतं.

"आता तरी समाधान झालं ना, आजोबा? आईला दिलेला शब्द पाळलात."

आजोबांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

"मिनोरु जहाजावरच गेला, पोरी. तापानं. मी त्याच जहाजावरचा एक पोरका, कामाला म्हणून कुणीतरी बरोबर घेतलेला. त्याच्या आईनं त्याचे कपडे मला घातले, नाव दिलं, पोटच्या पोरासारखं वाढवलं. तोयोला हे पत्रातून कळवायचा तिला धीर झाला नाही. मरताना म्हणाली, तू जाऊन सांग, माझ्या लेकीला आयुष्यभर खोटी वाट बघायला लावू नकोस." ते कोटाची बटणं काढू लागले. "तेवढं सांगायलाच तर आलो होतो. पण तिनं मला ओळखलं."