बाबानं तपासलेलं चरित्र

नववीतून शाळा सोडली आणि मी नेहरू नगरच्या स्टुडिओत फोटो धुवाले जाऊ लागली. बाबाले हे बिलकुल पसंत नव्हतं. ते स्टील प्लांटच्या फोटो सेक्शनमध्ये कामाले, म्हणून नागपूरच्या एका ज्ञानकोशवाल्यानं त्यायले एका जुन्या जमान्यातल्या फोटोग्राफरचं चरित्र तपासाले पाठवलं होतं.

"तारे, हा माणूस आधी कॉलेज शिकला, मंगच त्यानं कॅमेऱ्याले हात लावला," बाबा जेवता-जेवता म्हणाले.

"झूठ! दाखवा मले."

"मी कावून झूठ बोलू वो बाई? कोशात छापून आल्यावर तूच वाच."

कोशात कोणी खोटं थोडी छापते! मी स्टुडिओ सोडला अन् दहावीचा प्रायव्हेट फॉर्म भरला.

आज मायनं नागपूरले धाडाचा एक लिफाफा डिंक लावाले माह्या हाती देला. आत त्या फोटोग्राफरचा तोच लेख होता. एका ओळीवर लाल रेघ, अन् बाजूले बाबाचं अक्षर:

'"चौदाव्या वर्षी शाळा सोडली" याऐवजी "कॉलेजचे शिक्षण पूर्ण केले" असे छापावे. बाकी सर्व माहिती खरी आहे.'