हयात

"जिवंत माणसांची नावं इथे दिसणार नाहीत," फोनच्या पडद्यावरचा माणूस सांगत होता. "त्यांच्या जागी राखाडी चौकट आणि एकच शब्द : हयात. नाव आणि सालं फक्त गेलेल्यांची."

रुक्माने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. एकोडीतल्या तिच्या ओसरीवर रविवारचे ऊन आले होते, अंगणात धान वाळत होते, आणि पडद्यावर चाळीसएक अनोळखी चेहरे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यांची मुळे कशी शोधावीत हे ऐकत होते. बोलणारा मात्र अनोळखी नव्हता. शालोम झिराडकर, ठाणे. कपाळ मागे सरले होते, मिशी पिकली होती. पण बोलताना डावा कान ओढण्याची सवय तीच, सहा वर्षांच्या टिल्लूची. जवाहरनगरच्या क्वार्टरमधून त्याची ताई रिबका ताराचंदबरोबर निघाली आणि एकोडीत रुक्मा झाली, त्या दिवशी तो दारात बसून बुटाची नाडी बांधायला शिकत होता.

मेघा आईच्या खांद्याशी टेकली. "तुले कुठं दाखवते वं मामा?"

"नाव नाही दिसलं पायजे, बाई. चौकट दिसली पायजे."

वंशावळ हळूहळू वर सरकली. आजोबा, आजी. पपा, २००९. ममी, २०१४. त्यांच्या खाली दोन फांद्या. उजवीकडे राखाडी चौकट : हयात. तो शालोम. डावीकडे काळ्या अक्षरांत लिहिले होते : रिबका, १९६४–१९८४.

मेघाचा हात तोंडावर गेला.

"ही माझी ताई," शालोम म्हणाला. "वैनगंगेच्या पुरात गेली, असं पपांनी सांगितलं होतं. थडगं नाही, कागद नाही. तिच्या नावाने दिवा लावायचा हट्ट मी लहानपणी धरायचो; पण पपा लावू द्यायचे नाहीत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यापासून दरवर्षी लावतो. कुणाला तिच्याविषयी काही ठाऊक असेल, तर जरूर बोला."

१९८४ हे रुक्माच्या लग्नाचे साल होते. समाजाबाहेर गेलेल्या लेकीसाठी पपा सात दिवस सुतकात बसले, हे तिच्या कानावर आले होते. मोठ्या माणसाचा राग, असे तिने धरले होते. त्या घरात एका लहान मुलाने तिचे मरण खरे मानले असेल, हे तिच्या मनाला कधी शिवले नव्हते.

"बोल नं, आई! विचारून राहिला नं मामा."

"काय बोलू वं? बोलली तं पपा खोटे पडतेत."

"अन् नाही बोलली तं?"

दिवा लावतात तो गेलेल्यांसाठी. पपा दिवा लावू द्यायचे नाहीत. हे एवढेच वाक्य तिच्या आत पुन्हा पुन्हा फिरत होते. तिचा अंगठा माइकच्या खुणेवर टेकला. खुणेवरची लाल रेघ पुसली गेली.

"वं रुक्मा!" अंगणातून ताराचंदची हाक आली. "कोंबड्या शिरल्या वं धानात! हाकल पहिले!"

पडद्यावरचे चेहरे हसले. शालोमही हसला. "रुक्माताई, एकोडी," त्याने तिच्या चेहऱ्याच्या चौकटीखालचे नाव वाचले. "तुमचा माइक चालू राहिलाय. बंद करता का?"

मेघा घाईने पुढे झाली. रुक्माने तिचा हात अडवला.

"राहू दे रे, टिल्लू."

कानाकडे निघालेला शालोमचा हात वाटेतच थांबला.