डब्यातली खुळखुळ

दुरुस्तीच्या दुकानात दंतवैद्यांनी आपल्या रेडिओतला कंडेन्सरचा डबा उजेडात धरून दोनदा फिरवला. अंगठ्याहून जाड, अ‍ॅल्युमिनियमचा, त्यांच्या रेडिओइतकाच म्हातारा. गेल्या आठवड्यात तो कापून आतलं सुकलेलं सगळं काढलं होतं, बोटाच्या पेराएवढे नवे कंडेन्सर बसवले होते आणि डबा पुन्हा जोडला होता. सांधा काही त्यांना सापडेना.

"इतकं बेमालूम मला दातातही भरता येत नाही," ते म्हणाले. "हात अजून तसाच आहे तुमचा."

"सवयीचं काम, दुसरं काय," बाबा म्हणाले. दोन्ही हात त्यांनी स्वेटरच्या खिशात ठेवले होते. गिऱ्हाइकासमोर ते तीन वर्षं खिशातच असत, कारण बाहेर काढले की थरथरत.

त्यांची मुलगी पडद्याआड बसून दुसऱ्या डब्याचं काम करत होती. पडद्याआड बसायचं तिनंच सुचवलं होतं, महिन्याभरासाठी, बाबांचा हात सुधारेपर्यंत. डब्याच्या बुडाशी टोच्याने बाबांची सही कोरायलाही तिनंच सुरुवात केली. आता ती सही खुद्द बाबांना जमत नव्हती.

तिच्या पर्समध्ये नेमणुकीचं पत्र होतं. दुसऱ्या शहरातली प्रयोगशाळा, तिथं तिच्या नावाचं टेबल. होकार आज पाचपर्यंत कळवायचा होता. बाबांना आज सांगायचंच, असं ती गेले आठ दिवस रोज ठरवत होती.

बाहेर बाबा रंगात आले होते. दंतवैद्यांच्या मित्राकडे असे चार रेडिओ धूळ खात पडलेत म्हणे. बाबांनी चारही दुरुस्तीला घ्यायचं कबूल करून टाकलं, वर वर्षभर तरी लागेल असंही सांगितलं. पडद्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तिला इतका राग आला की हातातल्या सोल्डरचा डाग भलतीकडेच लागला.

दंतवैद्य गेल्यावर बाबा आत आले. इतके खुललेले ते तिनं तीन वर्षांत पाहिले नव्हते. साडेचार वाजले होते.

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"बोल की." पण तोवर त्यांनी डबा उचलून कानाशी धरला होता. हात इतका थरथरत होता की वेगळं हलवून बघायची गरजच नव्हती. "आत खुळखुळतंय गं. जाडसर कागद नाही का एखादा?"

ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं पर्स उघडली. पत्राचा कागद चांगला जाड होता. नव्या कंडेन्सरभोवती तिनं तो घट्ट गुंडाळला, गुंडाळी डब्यात सारली, सांधा चिकटवला आणि बुडाशी सही कोरली.

बाबांनी डबा पुन्हा कानाशी नेला. बराच वेळ ऐकलं.

"आता कसं. काही म्हणजे काही वाजत नाही," ते म्हणाले. "हं, तू काय सांगत होतीस?"