दाताचा निकाल

सलाईनची बाटली टांगून झाली, शीरही सापडली, आणि डॉक्टरांनी ॲलिसला तोंड उघडायला सांगितलं. म्हातारीने ते तोऱ्यात उघडलं. खाली दाढेच्या जागी लालभडक खड्डा.

"आजी, हे काय?"

"तुमीच बोललेत ना, दाताचा निकाल लावून या, मंग हाडांचं औषध? लावला." तिने लुगड्याच्या पदराची गाठ सोडून दाढ दाखवली. "हलतच व्हती. मासलीच्या जाल्याचा दोरा बांधला न् दार लोटलं."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "निकाल म्हणजे डेंटिस्टला दाखवून या, आजी! काढायची तर त्यांनी काढायची. आता ह्या उघड्या जखमेवर हाडांचं हे औषध, झोलेड्रॉनिक ॲसिड, दिलं तर जबड्याचं हाड सडू शकतं. आधी जखम भरू दे. दोन महिने तरी थांबायला लागेल."

"दोन महिने?" सून ॲन्ड्रिया उसळली. "आधी किडनीचा रिपोर्ट, मग व्हिटॅमिन डी, आता दाढ! तारोडीवरून केबिन रोडच्या या दवाखान्यापर्यंत रिक्षात उशा लावून आणते यांना. खड्डा आला की ओरडतात. लग्न पुढच्या महिन्यात आहे, डॉक्टर!"

ती सासूकडे वळली.

"मला विचारायचं तरी, मम्मी!"

"तू वरडली असतीस."

"आता काय नाचतेय मी?"

लग्न नातीचं. आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाणार, नवरीला न्हाऊ घालायचं 'उंबराचं पाणी' आणायला. घरच्या रिवाजाने पहिली घागर आजीच्या डोक्यावर. मणके पिचलेल्या ॲलिसला ही सलाईन हवी होती ती तेवढ्यासाठी.

नर्सने बाटली उतरवून नेली. भरलेली, जशीच्या तशी. डॉक्टरांनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला. "दातांनी दाबून धरा. बोलायचं नाही."

ॲलिस बोळा चावून बसली. बाटली गेली त्या दाराकडे बघत राहिली. मग तिचे दोन्ही हात हळूहळू वर निघाले, डोक्यावरची घागर धरायला निघावेत तसे. खांद्यापर्यंत आले, एका बाजूला कलले, आणि तिथेच अडले.

"खाली घ्या, मम्मी," ॲन्ड्रिया तोंड फिरवून म्हणाली. "पाणी सांडेल."