मानेतला उजेड

डॉक्टरबाईंनी पडदे ओढून चार वर्षांच्या शेवंतीच्या मानेवरच्या मऊ गाठीला टॉर्च टेकवला. अंधारात गाठ गुलाबी उजळली, पहाटेच्या खाडीसारखी. तिची आई मंजुळा वाकून बघत राहिली. "हे नुसतं पाणी आहे," बाई म्हणाल्या. "ते वाहून नेणाऱ्या नळ्या गर्भातच नीट जुळल्या नाहीत." मंजुळाने हळूच विचारलं, "ही पोटात असताना ग्रहनात मी म्हावरं कापलेलं, म्हनून ना? सासू तेच सांगते." "नाही गं, तुझा दोष नाही. आपण पाणी काढून औषध सोडू. गाठ हळूहळू आक्रसेल." "आये, उजेड र्‍हाऊ दे," शेवंती पुटपुटली. घरी परतताना लोकलमधून कळव्याला उतरल्यावर मंजुळाने गाठ झाकणारे लेकीचे मोकळे केस उंच बांधले आणि तिला भर बाजारातून चालवत नेलं. दारात सासू म्हणाली, "गाठ उघडी का ठेवलीस?" मंजुळा म्हणाली, "ग्रहनाची नाय ती, आई. पान्याची हाय."